पाय बदलत जा

३ जून १९८१
चि. भिंगरीस अ. उ. आ.
मुख्य भूमिका मिळाल्याचं कळल्यापासून तुझी आई गावभर सांगत सुटली आहे. एका जागी न टेकणाऱ्या पोरीला नेमकी लंगड्या बाईची भूमिका मिळावी, याचं मला हसू आलं. पण आता बापाचं ऐक. मीही नाटकात वर्षानुवर्षं लंगडलो, तेही डाव्याच पायानं. माझी काठी तू पाहतेसच. एका प्रयोगाला डावा धर, पुढच्याला उजवा. प्रेक्षक तिकीट काढून पाय बघायला येत नाहीत. आणि अंग मोकळं केल्याशिवाय रंगमंचावर पाऊल टाकू नकोस.
तुझा,
बाबा

२० ऑगस्ट १९८३
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.
प्रयोग अजून जोरात चाललेत. पाय बदलायचं मात्र मला जमत नाही. त्या बाईचा डावा पाय मोडलाय, तो आज उजवा कसा होईल? माझं लंगडणं पाहून दिग्दर्शकांच्याही अंगावर काटा येतो म्हणे. कंबर धरते, पण शेकलं की सुटते. उगाच राईचा पर्वत करू नका. आईस सा. न.
तुमची हट्टी,
भिंगरी

१२ डिसेंबर १९८४
चि. भिंगरीस अ. उ. आ.
रागावू नकोस, परवा न सांगता प्रयोगाला आलो होतो. काम फार सुंदर केलंस. नंतर भेटावं म्हणून मागच्या दाराशी थांबलो. तू रंग पुसून, पिशवी घेऊन बाहेर आलीस आणि लंगडतच निघालीस. मला वाटलं, गंमत करतेयस. मग कोपऱ्यावर भिंत धरून उभी राहिलीस. हाक मारायचा धीर झाला नाही. पोरी, नाटक संपलं होतं गं. लगेच डॉक्टरांकडे जा, एवढं बापासाठी कर.
बाबा

९ मार्च १९८५
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.
खुब्याचं ऑपरेशन झालं, ते आईनं सांगितलंच असेल. काठी धरून चालाल, पण रंगमंच विसरा, असं डॉक्टर म्हणाले. फार रडले.
माझी भूमिका आता नवी मुलगी करते. तिला मीच शिकवलं, तुमचं सांगणंही सांगितलं. काल तिचा दुसरा प्रयोग होता. तिनं पाय बदलला. मी मागच्या रांगेत बसले होते.
बाबा, कुणाच्याही लक्षात आलं नाही. दिग्दर्शकांच्यासुद्धा. शेजारची बाई तर डोळे पुसत होती.
लोभ होता तसाच असू द्या.
तुमची,
भिंगरी