फ्रीजरमधला केक आणि माझं जठर

३ मार्च
पोटात जळजळ, करपट ढेकर. डॉक्टर म्हणाले, गोड, तळलेलं, तिखट बंद. पुढच्या आठवड्यात घशातून दुर्बीण घालून जठर बघू. तोवर उकडलेल्या भाज्या आणि सूप. बाहेर येऊन बायकोला म्हणालो, इच्छाशक्ती लागते, बाकी काही नाही. ती म्हणाली, मग मीही तेच खाईन, तुमच्यासमोर चमचमीत खाणं बरं दिसत नाही. भरून आलं.

५ मार्च
बायकोचा वाढदिवस. मेहुणीने केक पाठवला. भरपूर क्रीम, वर चेऱ्या. बायकोने बोटसुद्धा लावलं नाही. डबा फ्रीजरमध्ये. तुम्ही बरे झालात की दोघं मिळून कापू, म्हणाली.

६ मार्च, सकाळी
ती फिरायला गेली. केक खराब तर झाला नाही ना, एवढंच बघायला डबा उघडला. मागच्या बाजूने चमचाभर. खराब झाला नव्हता.

७ मार्च
दवाखान्याच्या भिंतीवरच्या पचनसंस्थेच्या तक्त्याचा फोटो काढून आणलाय. आज अभ्यास केला. तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं. मुद्दा असा की चरबी पचते मुख्यतः लहान आतड्यात, पित्तरसाने. जठराचा संबंध जेमतेम. ऑफिसात माझ्या टेबलावरून फाइल नुसती पुढे सरकते, तसं क्रीम जठरातून सरकणार. आणि डॉक्टरांची तक्रार आहे जठराबद्दल. म्हणजे क्रीम नियमात बसतं. मागून आणखी थोडं.

९ मार्च
बायकोला चक्कर आल्यासारखं झालं. सूपवर भागत नाही म्हणे. मी म्हणालो, मनाचा निग्रह हवा. ती बिचारी हो म्हणाली. नंतर मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मला भूक लागते, हा स्वभाव. केक समोरून अजून जसाच्या तसा दिसतो. मागे काही नाही. उद्यापासून कडक बंद.

११ मार्च, सकाळी
तपासणी अकराला. रात्रीपासून उपाशी राहायचं होतं, राहिलो. आता ती फिरायला गेलीये. तक्ता म्हणतो, जठरात अन्न तीन-चार तास राहतं. आत्ता सात. अकरापर्यंत जठर लख्ख! वरची एक चेरी आणि तिच्याखालचं क्रीम, बस्स. चेऱ्या मोजायला कोण बसलंय?

ती लवकर परत आली. दाराचा आवाज झाला, चेरी न चावता गिळली.

११ मार्च, दुपारी
जठर लख्ख नव्हतं. स्निग्ध खाल्लं की ते रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, डॉक्टर म्हणाले. तक्त्यात हे नव्हतं. पचन चावण्यापासून सुरू होतं, हे मात्र होतं. पहिल्याच ओळीत.

डॉक्टरांनी बायकोला आत बोलावून दुर्बिणीचा पडदा दाखवला. पांढरा लगदा आणि मधोमध चेरी. अख्खी. डॉक्टर भडकले. उलटी होऊन श्वासनलिकेत गेलं असतं म्हणजे? कोणी दिलं यांना खायला?

बायको पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, मीच दिलं, चुकलं माझं. डॉक्टरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. नवऱ्याच्या जिवाशी खेळता का, इथपर्यंत. ती मान खाली घालून उभी. मी सांगणारच होतो. पण घसा बधिर करायचा स्प्रे मारलेला, बोलता कुठे येत होतं.

खरं तर येत होतं. नर्सकडे चष्मा मी बोलूनच मागितला.

१२ मार्च
तपासणी पुन्हा करणार, पुढच्या आठवड्यात. तोवर सूप.
तिने अजून विषय काढलेला नाही. मी चरबीचं आणि पित्तरसाचं सगळं स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं. विचारलंच नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
जेवायला तिने पुन्हा दोन वाट्या सूप आणलं. म्हटलं, अगं, तू तरी आता नीट जेव. तिने आपली वाटी जवळ ओढली. म्हणाली, एकटीने खायला मला नाही जमत.