जेवणाच्या दालनातला ऑर्गन

मुंबई, ता. ३ जानेवारी १९४१

तीर्थरूप तात्यांचे सेवेसी, बालक नारायणाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आमच्या हॉटेलात दर शनिवारी रात्रीच्या जेवणाबरोबर देशी संगीत ठेवायचे साहेबांनी ठरवले आहे. खरे सांगायचे तर मीच ते त्यांच्या डोक्यात भरवले. समुद्राकडे तोंड केलेले दालन, झुंबरे, शुभ्र चादरी घातलेली टेबले, आणि पाहुण्यांत संस्थानिक, गिरणीमालक, लष्करातले गोरे अधिकारी. गेल्या शनिवारी सतार झाली. आता नाटकातली पदे ऑर्गनवर हवी आहेत. गायक नको म्हणतात, कारण गाणे सुरू झाले की लोकांना बोलता येत नाही.

नाटक कंपनीत वीस वर्षे ऑर्गन वाजवलेला माणूस माझ्या घरात असताना मी दुसऱ्याच्या दाराशी कशाला जाऊ? शनिवार ता. १८ ला आपण यावे. ऑर्गन इथे भाड्याने मिळेल. साहेबांना पसंत पडले तर थंडीतले पुढचे शनिवारही आपलेच. आपण हॉटेलात पाणीसुद्धा घेत नाही हे मी विसरलेलो नाही. जेवण माझ्या खोलीवर होईल, पिठले-भात मी स्वतः करीन. तो करपला तर रागावू नये, एवढी कृपा मागतो.

आपला आज्ञाधारक,
नारायण


सांगली, ता. ८ जानेवारी १९४१

चि. सौ. शरयूस तात्यांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाने मला मुंबईला बोलावले आहे, तेही लोक जेवत असताना वाजवायला! आपल्याकडे कशी रीत होती ते तुला आठवतच असेल. पंगत उठायची, विडे व्हायचे, आणि मग तंबोरे जुळायचे. खाणाऱ्या तोंडासमोर मी जन्मात पेटी उघडली नाही. तेव्हा नको म्हणून कळवायला बसलो, आणि कागदावर येतो असे उतरले.

हसू नकोस. बोलपट आले, कंपनी मोडली, त्याला नऊ वर्षे झाली. सांगलीत लोक अजून मला मास्तर म्हणतात, पण मास्तर, काहीतरी वाजवा, असे कोणी म्हणत नाही. उजव्या हाताची दोन बोटे हल्ली सकाळी आखडतात. आणखी एखादा हिवाळा ती ऐकतील माझे, पुढचे सांगवत नाही. भरल्या घरासमोर एकदा वाजवायचे आहे गं. समोर कोणी का बसलेले असेना.

स्वयंपाकाला येणाऱ्या धोंडुबाईंनी निक्षून सांगितले आहे की आवं मास्तर, मुंबईचं पाणी लय वंगाळ, तवा इथली घागर संगं न्या. कृष्णेचे पाणी गाडीत हिंदकळत नेणारा म्हातारा डोळ्यांसमोर आण आणि साताऱ्यात बसून करमणूक करून घे. जावईबापूंना आशीर्वाद. म्हाताऱ्याची आठवण ठेवावी.

तुझे,
तात्या


मुंबई, ता. २० जानेवारी १९४१

ती. सौ. अक्कास नारायणचा सा. न. वि. वि.

तात्या काल सांगलीला परतले, ते इतके खुशीत की मला तोंड दाखवायला जागा नाही. काय झाले ते तुलाच लिहितो.

पांढरा फेटा बांधून तात्या बसले. यमनातले पद संपत आले आणि खिडकीजवळच्या एका संस्थानिकांनी दोन टाळ्या वाजवल्या. वेटरला बोलवायची त्यांची ती पद्धत आहे. तात्यांना वाटले, वन्स मोअर. नाटकात टाळी पडली की पद पहिल्यापासून घ्यायचे, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. त्यांनी मान लववली आणि पुन्हा सुरू केले. पुन्हा टाळी, कोणाला तरी बर्फ हवा होता. पुन्हा तेच पद. मी खांबाशी उभा होतो. बाजूच्या टेबलावर हसू फुटले तरी माझा पाय उचलला नाही. स्टेशनवर तात्या म्हणाले की मुंबईकरांना अजून कान आहेत.

साहेबांनी बजावले आहे की ता. १ फेब्रुवारीच्या शनिवारी म्हाताऱ्याने पुन्हा तेच तेच वाजवले तर कार्यक्रम बंद, आणि माझी रवानगी दालनातून कोठारात. हे मी तात्यांना कोणत्या तोंडाने सांगू? तू त्यांची लाडकी. काहीही निमित्त काढ, पण त्यांना यायचे थांबव. मला शिव्या दे, त्या मी घेतो. पण एवढे कर.

तुझा,
नारायण


सातारा, ता. २३ जानेवारी १९४१

ती. तात्यांचे चरणी शरयूचा सा. न. वि. वि.

आपल्या कार्यक्रमाचे नारायणने कळवले. फार आनंद झाला. इकडे थंडी मनस्वी आहे आणि घरातल्या सगळ्यांना खोकला झाला आहे. मुंबईत हवा दमट, ती बोटांना बाधते असे आमचे वैद्यबुवाही म्हणत होते. तेव्हा १ तारखेला न जाता आपण सरळ साताऱ्यास यावे. मी तिळाच्या वड्या राखून ठेवल्या आहेत. नातवंडे विचारतात, आजोबा कधी येणार म्हणून. एकदा मुंबईत वाजवून झाले, आता दगदग कशाला?

फार लिहवत नाही. वाट पाहते.

आपली,
शरयू


सांगली, ता. २६ जानेवारी १९४१

चि. सौ. शरयूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोकला घरादाराला, आणि बोटे सांभाळायची माझी? तुला खोटे बोलता येत नाही, ते कागदावरही येत नाही. नारायणने तुझ्या गळ्यात धोंड बांधली आहे, होय ना?

पहिली टाळी मला खरी वाटली. काय सांगू तुला, डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या टाळीला मी मान वर केली तर वेटर बर्फाचे भांडे घेऊन धावत होता. सगळे उमगले. कानशिले तापली. उठून जावे असे वाटले. पण नारायण खांबाशी उभा होता आणि त्याचे तोंड मला दिसत होते. मी थांबलो असतो तर मला कळले हे त्यालाही कळले असते. म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतले, आणि स्टेशनवर ते मुंबईकरांच्या कानांचेही बोललो.

पण त्या तिसऱ्या वेळी काही निराळेच झाले. वीस वर्षे मी गवयाच्या मागून वाजवले. तो थांबला की थांबायचे, तो पळाला की पळायचे. त्या दालनात पुढे कोणी गाणारा नव्हता आणि ऐकणाराही नव्हता. ते पद मला मनातून जसे वाटे तसे मी पहिल्यांदाच वाजवले. अंतऱ्यावर हवा तेवढा रेंगाळलो. कोणी डोळे वटारले नाहीत. शरयू, मला ते पुन्हा हवे आहे. बोटे आहेत तोवर हवे आहे.

तेव्हा मी जाणार. नारायणला आजच लिहिले की आता बोटे दमतात, वन्स मोअर झेपत नाहीत, प्रत्येक पद एकदाच घेईन. त्याची जागा राहील. मला ठाऊक आहे हे मात्र त्याला कधी कळू देऊ नकोस. त्याने बापाला मोठ्या हौसेने मिरवायला नेले होते.

जमले तर तूही ये. पाहुण्यांत बसू नकोस, नारायणच्या खांबाशी उभी राहा. मुलांना आशीर्वाद, आणि माया आहे तशीच राहू दे. वाजवलेले आवडले तर मान हलव, मला तेवढे पुरे. टाळी मात्र देऊ नकोस, वेटर येईल.

तुझे,
तात्या