देवाच्या दिव्याची तार

प्रिय कुंदन,

अक्षर ओळखलं असशील. फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. तोंडाने बोलायची हिंमत होत नाही, म्हणून लिहायला बसलो. इकडे अमरावतीत बरं आहे. शालूचे गुडघे कुरकुरतात, मी तिच्याहून जास्त कुरकुरतो, हे तुला नवीन नाही.

गाडीचं सांगतो. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा शालूच्या मनात आलं की समोरच्या गणपतीजवळ एक छोटा दिवा हवा. पस्तीस वर्षं पोरांना वीज शिकवलेला मास्तर मी, दुकानात कशाला जातो? स्वतःच डॅशबोर्ड खोलला आणि दिव्याची अर्थिंगची तार मीटरच्या तारेसोबत एकाच स्क्रूखाली दाबली. दिवा लागला, मी खूश. पंधरा दिवसांत तापमानाचा काटा नाचायला लागला, तशी गाडी घेऊन अकोल्याला तुझ्या गॅरेजात आलो.

तू तीन दिवस राबलास. सेन्सर बदललास, थर्मोस्टॅट बदललास, पातूरच्या घाटातून गाडी फिरवून आणलीस. रेडिएटरच्या नळीला हात लावून म्हणालास, इंजिन बराबर हाये, काटाच खोटं बोलून राहिला. मग विचारलंस, मास्तर, डॅशबोर्ड कोणी खोललं होतं काय? दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. शेजारी जावई उभे होते, अद्वैतराव, इंजिनिअर. त्यांच्यासमोर माझी कारागिरी उघडी पडायला नको, एवढंच डोक्यात होतं.

परतताना मूर्तिजापूरपाशी काटा पुन्हा लाल खुणेला टेकला. मी गाडी वळवली आणि तुझ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालो की तू जुना माल नवा सांगून बसवतोस. पातूरच्या शाळेत ज्याच्या डब्यातलं खाल्लं, त्याला म्हणालो. तू पाना पुसत उभा राहिलास. आणि लाज अशी की काटा लाल असताना मी चाळीस किलोमीटर गाडी दामटत तुझ्याकडे आलो होतो. इंजिन तापलं नाही, हे मलाही कळत होतं.

गेल्या सोमवारी देवळातून येताना शालू म्हणाली, अहो, गणपतीचा दिवा लुकलुकला का तुमचा काटा बी नाचते. घरी येऊन डॅशबोर्ड खोलला. दिवा आणि मीटर दोघांची अर्थिंग ज्याच्याखाली, तो स्क्रू नखाने फिरत होता. मीच अर्धवट आवळलेला. काय झालं म्हणून तिने विचारलं, तर तिलाही धड सांगितलं नाही.

आणि काल तुझ्या लेकीच्या, आचलच्या लग्नाची पत्रिका आली. मला वाटलं होतं, आमचं नाव तू केव्हाच खोडलं असशील. पाकिटामागे तुझ्या हाताने लिहिलेलं, ‘वहिनीले घेऊन येजो. काटा वर गेला तं थांबजो, बोनट लगेच खोलू नको.’ ते वाचून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. स्क्रू मी अजून आवळलेला नाही. लग्नाआधीच्या शनिवारी गाडी तशीच तुझ्याकडे आणतो, गॅरेजात गर्दी असते त्या वेळी. अद्वैतरावही सोबत असतील. सगळ्यांसमोर डॅशबोर्ड मी खोलीन आणि तार कोणी लावली ते सांगीन. त्यानंतर लग्नाला थांब म्हणालास, तर थांबेन.

वाटेत काटा वर जाईलच. मी थांबणार नाही.

तुझाच, मान खाली घातलेला,
रविकांत