दुसऱ्या मजल्याच्या सळाखी

१२ एप्रिल, सकाळी

आज पुन्हा माह्या चहात धूळ. मेडशी रोडनं टिप्पर गेलं, पडवीत बसलेल्या बुढीच्या कपात गिट्टीचा भुगा पडला, अन् घरात कोणाले लाज नाही. सून सुचिता म्हणे, आत बसून प्या ना आत्याबाई. घर माहं, पडवी माही, आत काहून बसू?

असो. रामराम. आजपासून रोज लिहायचं ठरवलं. चौथीत होती तवा गुरुजी माहं अक्षर साऱ्या वर्गाले दाखवत. काहून दाखवत ते सांगत नसत.

नात तनुजा मालेगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. तिले प्रोजेक्ट दिलं आहे, देशाचा उद्योग अन् बांधकाम इतक्या सालांत किती वाढलं त्याचं. लाँग टर्म ट्रेंड म्हणतात. दोन रेघा काढून दाखवल्या. बांधकामाची रेघ चढते, मधात पडते, पुन्हा चढते. उद्योगाचा वाटा मात्र कितीक साल झाले तिथंच अडकून आहे म्हणे. मी म्हटलं, अडकला नाही, बसला आहे. बसलेला माणूस कधीतरी उठतेच. पोट्टी हसली. शिकलेल्याइले साधी गोष्ट समजत नाही.

१३ एप्रिल

वेळ नाही भेटला.

२० एप्रिल

मालेगावचा सिमेंटवाला उदयसिंग आला होता. खबर पक्की आहे. जऊळक्याले स्टेशनाजवळ सोयाबीन तेलाचा कारखाना येऊन राह्यला. एवढे लोक चहा कुठं पितीन, केस कुठं कापतीन? आपल्या रोडले. गाळे बांधून ठेवा म्हणे मावशी, नाही तर मंग माह्याकडं रडत येसान.

माहा पोरगा जानराव म्हणे, माय, तो सिमेंट विकते. मी म्हटलं, म्हणूनच त्याले माहीत. देश कुठं चालला ते सिमेंटवाल्याले पहिले कळते. खोटं बोलून त्याले काय फायदा?

२२ एप्रिल

ठरलं. रोडच्या कडेले तीन गाळे. तिथं सध्या सुचिता मेथी अन् सांबार (तनुजाच्या भाषेत कोथिंबीर) लावते, बाजाराच्या दिवशी जुड्या बांधून मालेगावले नेते. तेवढाच तिचा टाइमपास. जानराव म्हणे टाइमपास नाही, तनुजाची फी त्याच्यातूनच जाते. मी म्हटलं आता भाड्यातून जाईन, जुड्या बांधायचा ताप तरी वाचन.

सुचिता काही बोलली नाही. बोलली नाही म्हंजे तिले पटलं.

४ मे

पाया खंदला. मेथी उभी होती, कवळी. बापूराव मिस्त्री म्हणे काढून तरी घेऊ द्या. मी म्हटलं, देशाले आता थांबायची सवय राह्यली नाही. तरी सुचितानं हाती लागली तेवढी उपटली अन् भाजी केली. चांगली झाली. तनुजा म्हणे, खाऊन घ्या, घरची शेवटची आहे. पोट्टीले नाटकं फार.

१६ मे

मिस्त्रीसंगं वाजलं. तो म्हणे एकच मजला आहे तर कॉलमच्या सळाखी छताबरोबर कापू. मी म्हटलं हात लावून पाह्य. मालेगावात कोणत्या घरावर सळाखी वर काढलेल्या नाहीत ते दाखव. दुसरा मजला पुढं होईन न होईन, सळाखी पाह्यजेतच. सळाखी नसलेलं घर म्हंजे हार मानलेलं घर.

धुऱ्यापलीकडून रंगूबाई वांगे तोडता तोडता म्हणे, तुळसाबाई, पहिले पहिला तर होऊ द्या. तिचं वावर आमच्या वावराले लागून, मधात फक्त धुऱ्याचा बांध. रोड तिलेही आहे, पण बाई अजून वांग्याच्या वर गेली नाही. मागासलेली आहे. राग नाही धरला.

१ जून

कॉलम उभे झाले. भिंती कमरेएवढ्या. सळाखी पार आभाळात. यष्टीतले लोक वळून वळून पाह्यतात.

१९ जून

मिस्त्री पुण्याले गेला. संगं साऱ्या मजुराइले घेऊन गेला. तिथं मोठ्या बिल्डिंगा होऊन राह्यल्या, रोजीही जास्त. फोन लावला तर म्हणे, मावशी, देशात बांधकाम जोरात आहे, इथं मानसं पुरत नाहीत.

ऐकून पहिले अभिमान वाटला. मंग समजलं.

तनुजाले विचारलं, हे तुह्या रेघेत दिसते काय? दिसते ना आजी, म्हणे, रेघ चढली ती तिकडं चढली. मी म्हटलं, रेघ देशाची आहे ना? म्हणे, देशाची आहे, मेडशी रोडची नाही. मंग मेडशी रोड कोणाचा आहे? पोट्टीनं वही मिटली. प्रोजेक्ट कच्चं आहे पोट्टीचं.

१० जुलै

गाळ्यात पाणी साचलं. बेंडकं ओरडून राह्यले. तनुजा म्हणे, भाडेकरू आले. मले हसू आलं नाही.

ठराव: उद्या उदयसिंगले त्याच्या दुकानात चार मानसांपुढं झाडायचं.

११ जुलै

झाडायले गेली. त्यानं खुर्ची दिली, चहा पाजला, तब्येत विचारली. घरात कोणी विचारत नाही. कारखान्याचा सर्व्हे चालू आहे म्हणे. येताना थोडे पोते सिमेंट सांगून आली. भाव चढणार होता.

३ ऑगस्ट

पोत्यांचा पावसात गोटा झाला. बसायले बरे आहेत.

आज सुचितानं रंगूबाईकडून मेथी विकत आणली. विकत. माह्याच धुऱ्यापलीकडून. वरून दोन जुड्या रंगूबाईनं फुकट टाकल्या, तो अपमान अलग. भाजी खाल्ली. मेथीनं काय बिघडवलं माहं.

२५ ऑगस्ट

कॉलमच्या बुडाशी सुचितानं दोडके लावले होते, आज दिसलं. मले कोणी विचारलं नाही. वेल सुतळीनं सळाखीवर चढवून राह्यली होती. मी म्हटलं, कारखाना आला की उपटावं लागन. तिनं सुतळीची गाठ पक्की मारली.

२१ सप्टेंबर

जानरावच्या गाडीवर बसून सोता जऊळक्याले गेली. स्टेशन आहे. गाडी येते, मानसं उतरतात. कारखान्याच्या जागी बाभळी आहेत अन् एक मोठा बोर्ड आहे. बोर्डावर उदयसिंगच्या दुकानाची जाहिरात आहे.

चहावाल्याले विचारलं कारखाना कधी येईन. म्हणे, माह्या आज्याच्या टायमापासून येऊन राह्यला, आजी. यालेच लाँग टर्म ट्रेंड म्हणत असतीन.

जानराव हसला नाही. हसला असता तर बरं होतं, रागावता तरी आलं असतं. येताना त्यानं गाडी हळू चालवली.

२२ सप्टेंबर

कंबर दुखते. लिहीत नाही.

१२ ऑक्टोबर

वेल दुसऱ्या मजल्यावर पोचला. सळाखीच्या शेंड्याले दोडके लोंबून राह्यले. सुचिता शिडी लावून तोडते अन् बाजारात नेते. तनुजाची फी भरली. मी म्हटलं, पाह्यलं, शेवटी गाळ्यातूनच भरली ना? जानरावनं मान हलवली. कोणत्या बाजूनं ते नीट दिसलं नाही.

तनुजानं वेलासंगं गाळ्याचा फोटो काढून प्रोजेक्टात लावला. खाली लिहिलं, बांधकाम वाढलं, उद्योग आला नाही. सरांनी तो फोटो साऱ्या वर्गाले दाखवला. काहून दाखवला ते मी विचारलं नाही.

२ नोव्हेंबर, दुपारी

रंगूबाईचं सोयाबीन निघालं. कुटार टाकायले जागा नाही म्हणून आली होती. एक गाळा द्या म्हणे, ताडपत्री माही मी टाकते, भाडं काय ते सांगा. म्हंजे कटिंगच्या दुकानाच्या जागी बैलाचं खाणं. मी आत जाऊन पांघरूण घेतलं अन् झोपली. कान उघडे होते.

तर सुचिता बोलली. म्हणे, मावशी, भाडं नको. धुऱ्याजवळचा तुमचा एक वाफा मले द्या, मेथी-सांबार लावायले. कुटार आहे तोवर वाफा माहा. रंगूबाई म्हणे, तुह्या सासूचं काय? सुचिता म्हणे, विचारते. लग्न होऊन आल्यापासून ही बाई सारं मिळून एवढी बोलली नसन.

मंग माह्या खाटेजवळ येऊन उभी राह्यली. आत्याबाई, ऐकलं ना? मी डोळे उघडले नाहीत, बोलली नाही. ती चहा ठेवून गेली. धूळ नव्हती, आतच होती ना मी.

तर लिहून ठेवते. मी बोलली नाही म्हंजे मले पटलं, असा अर्थ या घरात कोणी काढायचा नाही. उद्या सकाळी रंगूबाई पक्कं विचारायले येईन. मी देवळात असन. जानरावनं मधात तोंड घालायचं नाही. उत्तर सुचितानं द्यायचं.