ब्रॉडबँड माझ्या नावावर

४ ऑक्टोबर २००९, रविवार

आजच्या पेपरात चांगली बातमी. नेटवरून फुकट सिनेमे आणि गाणी उतरवणाऱ्यांचं ब्रॉडबँडच तोडायचं, असा कायदा सरकार आणणार म्हणे. उशिरा का होईना, या इंग्रजांच्या देशाला अक्कल आली. मी पहिल्यापासून कडक कायद्याच्या बाजूचा.

माझा मित्र उल्हास जेवायला आला होता. हा थिएटरात कॅमेरा लपवून काढलेल्या सिनेमांच्या डीव्हीडी कुठून तरी आणतो आणि आमच्या हाउन्सलोभर वाटतो. त्याला स्पष्ट सांगितलं, ही चोरी आहे. तो जाताना दोन डीव्हीडी ठेवून गेला. प्रिंट किती वाईट असते ते बघायला ठेवून घेतल्या.

माझं डाउनलोडिंग वेगळं. जे दुकानात मिळत नाही तेवढंच मी उतरवतो. जे मिळतं ते उतरवतो, कारण दुकान लांब पडतं.

१० ऑक्टोबर, शनिवार

ब्रॉडबँड कंपनीचं पत्र. 'प्रिय खातेदार.' ऑगस्टमध्ये आमच्या कनेक्शनवरून एक व्हिडिओ बेकायदा उतरवला गेला आणि पुढे वाटलाही गेला, अशी व्हिडिओवाल्यांची तक्रार. कोणी केलं ते यांना माहीत नाही. पण ब्रॉडबँड ज्याच्या नावावर, त्याने आपलं घर सांभाळावं. वा.

व्हिडिओचा विषय: महिन्याभरात सपाट पोट.

संशय अर्थातच वरदावर. वय सतरा, ए-लेव्हल्सचं, म्हणजे इथल्या बारावीचं वर्ष, आणि कायम दार लावून कॉम्प्युटरसमोर. ऑगस्टमध्ये मलाही व्यायामाची गरज वाटत होती, हा निव्वळ योगायोग. सुलक्षणाने पत्र वाचलं, माझ्या शर्टाच्या खालच्या बटणाकडे पाहिलं आणि कणीक मळायला गेली. आया मुलींना पाठीशी घालतात, ते असं.

११ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

घरात चौकशी बसवली. अध्यक्ष मी. पत्र मोठ्याने वाचलं. आरोपीला बाजू मांडायची पूर्ण संधी दिली. आरोपी म्हणाली, "बाबा, ती व्हिडिओ माझा नाही. मला पोटच नाही आहे."

मराठी कच्चं. मुद्दा कामकाजातून काढून टाकला.

सुलक्षणाने सुचवलं की माझ्या कॉम्प्युटरवरचा तो डाउनलोडचा प्रोग्रॅम आधी काढून टाकावा. म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी जास्त मुळाशी गेलो. सरकारने तोडण्याआधी आपणच तोडायचं. राउटर भिंतीपासून सोडवून पिशवीत घातला. उद्या कामावर नेऊन लॉकरमध्ये ठेवणार. एअरपोर्टवर कार्गोचा सुपरवायझर आहे मी. शिस्त अंगात भिनलेली आहे.

१४ ऑक्टोबर

घरात विलक्षण शांतता. वरदा कोर्सवर्कसाठी मैत्रिणीकडे, सियाकडे जाते. जेवूनच येते. सियाच्या आईने फोन करून हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यावर त्या आणखी हळू बोलायला लागल्या.

सुलक्षणाने दादांची आठवण करून दिली. दादा म्हणजे तिचे वडील. साताऱ्यात एकटे असतात आणि त्यांना अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. दर रविवारी शेजारचा विनय त्यांना आपल्या कॉम्प्युटरसमोर बसवतो. वेबकॅमवर ते आमचे ओठ वाचतात. स्वतः मात्र पाटीवर लिहितात, कारण आपला आवाज किती चढतो ते त्यांना कळत नाही. म्हटलं, एक रविवार चुकला तर आभाळ कोसळत नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

आभाळ कोसळलं नाही. विनयचा फोन मात्र आला.

दिवाळीचा रविवार, म्हणून दादा अभ्यंगस्नान करून, नवा सदरा घालून त्याच्याकडे जाऊन बसले होते. नेट बंद आहे, असं विनयने पाटीवर लिहून दिलं. तरी उठले नाहीत. विनयच्या आईने फराळाची बशी तिथेच आणून दिली, ती तशीच ठेवली. बऱ्याच वेळाने पाटी मागितली आणि लिहिलं. विनयने ते फोनवर वाचून दाखवलं.

"सुलूला माझं काही लागलं का?"

सुलक्षणाने फोन ठेवला आणि मागच्या बागेत जाऊन उभी राहिली. बाहेर गारठा. मी शाल घेऊन गेलो. असल्या कायद्यांचे परिणाम साध्या घरांना कसे भोगावे लागतात, यावर बोलायला सुरुवात केली. तिने शाल घेतली. बाकीचं घेतलं नाही.

१९ ऑक्टोबर

राउटर परत आणला. लॉकरमध्ये डबा ठेवायला जागा उरत नव्हती, एवढंच कारण.

प्रोग्रॅम काढलेला नाही. आता काढला तर गुन्हा कबूल केल्यासारखं दिसेल.

१ नोव्हेंबर, रविवार

रविवारचा ओव्हरटाइम मागून घेतला. पुढचे रविवारही घेणार. कामावर माणसं कमी आहेत. दादांच्या कॉलच्या वेळेला घरात नसतो याचा याच्याशी काही संबंध नाही. सुलक्षणाने विचारलंही नाही, तरी मी दोनदा सांगितलं.

७ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं पत्र. या वेळी एक हिंदी सिनेमा. तारीख चोवीस ऑक्टोबर. त्या दिवशी सुलक्षणा आणि वरदा बर्मिंगहॅमला रेखाकडे, म्हणजे सुलक्षणाच्या बहिणीकडे गेल्या होत्या. घरात मी एकटा.

म्हणजे यात बाहेरचा हात आहे. कोणी तरी आमचं वायरलेस चोरतंय. डावीकडे मिसेस पार्किन, वय ऐंशीच्या पुढे. सहज म्हणून गेलो आणि सूचकपणे विचारलं, कॉम्प्युटर आहे का तुमच्याकडे. म्हणाल्या, नाही, पण तुम्हाला त्यातलं कळतं वाटतं, आणि मला किटलीचा प्लग बदलायला बसवलं. उजवीकडचं घर मार्चपासून रिकामं आहे. सर्वांत संशयास्पद तेच.

९ नोव्हेंबर

कंपनीला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवलं, तेही फुकट. मग एक पोरगी आली. घरातल्या कुठल्या कॉम्प्युटरवर फाइल शेअरिंगचा प्रोग्रॅम आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, हा तांत्रिक विषय आहे. ती म्हणाली, असा प्रोग्रॅम फाइल घेता घेता ती जगभर वाटतही असतो, आणि तक्रार मुख्यतः वाटण्याबद्दल असते.

मी तिला ठणकावून सांगितलं की मी आयुष्यात कुणाला काही वाटलेलं नाही.

"हे मात्र खरं आहे," सुलक्षणा स्वयंपाकघरातून म्हणाली.

१५ नोव्हेंबर, रविवार

ओव्हरटाइमवरून आल्यावर कायद्याचा सखोल अभ्यास केला. पेपरातला पूर्ण कॉलम वाचला. अत्यंत अन्यायकारक कायदा. मी पहिल्यापासून याच्या विरोधात आहे.

आमच्या खासदारांना पत्र लिहायला घेतलं. धड पुरावा नाही, कोर्ट नाही, आणि एका माणसाच्या करणीची शिक्षा अख्ख्या घराने भोगायची, हा कुठला न्याय? पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्या माणसांशी बोलणं, सगळं त्या एका वायरवर. हे वाक्य इतकं जमलं की सुलक्षणाला वाचून दाखवलं. तिने हातातलं इस्त्रीचं काम थांबवून नीट ऐकलं.

"अगदी बरोबर लिहिलंत. एका माणसामुळे."

लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं राजकीय एकमत झालं. पत्र मात्र अर्धंच राहिलं, कारण मध्येच सिनेमा उतरून पूर्ण झाला.

२१ नोव्हेंबर, शनिवार

घरात सत्तांतर. सुलक्षणाने मला न विचारता जुनं ब्रॉडबँड बंद करून दुसऱ्या कंपनीचं घेतलं. तिच्या नावावर. राउटर वरदाच्या खोलीत. वरदा आता घरीच जेवते आणि जेवताना आईशी बोलते. मी आलो की दोघी भाजीबद्दल बोलायला लागतात.

पासवर्ड मागितला. वरदा म्हणाली, आईला विचारा. आई म्हणाली, ब्रॉडबँड ज्याच्या नावावर त्याने घर सांभाळायचं असतं, असं पत्रात लिहिलं होतं. तुम्हीच मोठ्याने वाचलं होतंत.

संकल्प: पासवर्ड पुन्हा मागायचा नाही.

२२ नोव्हेंबर

मागितला. नाही मिळाला.

२९ नोव्हेंबर, रविवार

ओव्हरटाइम संपला. माणसं पुरेशी झाली म्हणे. त्यामुळे घरीच होतो. सुलक्षणाने वरदाच्या खोलीतून हाक मारली. दादा माझी चौकशी करत होते.

गेलो. इतक्या आठवड्यांनी मी समोर दिसताच दादांचा चेहरा एकदम खुलला. डोळे पुसले. विनयचा खांदा दाबला. मग पाटीवर सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरली.

"शशिकांतराव, केव्हा सुटलात?"

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. सुलक्षणाने मागे एका रविवारी त्यांना पत्रांचा प्रकार सांगितला होता. ओठांवरून त्यांना चोरी, सरकार आणि माझं नाव, एवढं कळलं. त्यात मी दर रविवारी गायब. उरलेलं त्यांनी मनाने जुळवलं. लेकीला वाईट वाटू नये म्हणून कुणाला विचारलं नाही. गेल्या मंगळवारी माझ्यासाठी गणपतीला नारळही ठेवून आले.

गैरसमज तिथल्या तिथे दूर करणं आवश्यक होतं. मी कॅमेऱ्याजवळ गेलो, आणि त्यांना नीट वाचता यावं म्हणून तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "दादा, मी काहीही केलेलं नाही."

त्यांनी लक्षपूर्वक वाचलं. मान हलवली. पाटी बाहीने पुसली, पुन्हा लिहिलं.

"तुरुंगात सगळे असंच म्हणतात."

वरदा खुर्चीतून खाली घसरली. सुलक्षणा ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच हसली, आणि इतकी हसली की पदराने डोळे टिपायला लागले. तिला हसताना बघून तिकडे दादाही हसायला लागले, आवाजाचा अंदाज नसल्यामुळे अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे.

मी हसलो नाही. घरात कुणी तरी गंभीर राहायला हवं होतं.