पानगळीत ऐकायचे दहा

३ ऑक्टोबर

"बाई, राग मानू नका, पण रेकॉर्डवर तुमचा आवाज जास्त खरा वाटतो." — मी आठ-नऊ वर्षांची, आईची शाल सांभाळत तिच्या मागे उभी. बोलणारा गृहस्थ फिकट सुटातला, हातात फुलं. फुलं देता देता बोलला! आई हसली. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली. त्यानंतर ती कधी स्टेजवर गेली नाही.

आज हे आठवलं मफलरमुळे. मफलर म्हणजे आमचे संपादक. माझ्याहून बरेच लहान. ऑक्टोबर लागला की ऑफिसातसुद्धा गळ्यात मफलर, खिडक्या बंद असल्या तरी. टेबलापाशी येऊन म्हणाले, "पानगळ विशेषांकासाठी तुम्हीच लिहायचं. पानगळीत ऐकायचे दहा अल्बम. जरा उबदार लिहा हं. वाचकाला पांघरुणात शिरल्यासारखं वाटलं पाहिजे."

पांघरुणात शिरायला वाचकाला माझी काय गरज?

"आणि पहिला नंबर तुमच्या आईंचा! कंपनी तो अल्बम पुन्हा काढतेय. काय आवाज आहे हो. त्या आवाजात पानं गळतात."

गळतात. नळ गळतो तशी.

हो म्हणून बसले. मला नाही म्हणताच येत नाही. ते सगळं या वहीत म्हणते.

४ ऑक्टोबर

दिवसभर कव्हरं पाहिली. पानगळीच्या अल्बमवर बाक असतो. रिकामा. त्यावर एक पान. या बाकावर कधीच कुणी कसं बसत नाही? बसेल कसं — फोटो काढणाऱ्याने हाकलून दिलेलं असतं!

नाहीतर मग खिडकी, काचेवर थेंब, आणि वाफाळता कप. वाफ खोटी. कप बहुधा रिकामा.

एक गिटारवाला जंगलातल्या झोपडीत एकटा राहिला म्हणे, आणि एकट्याने अल्बम केला. मफलरचा अत्यंत लाडका. मग प्रत्येक गाण्यामागे आऽऽ करणाऱ्या चार बायका कोण? लाकडं गोळा करायला आल्या होत्या?

दुसरा एक चेलोवाला. तीन सूर वाजवतो आणि थांबतो. लोक म्हणतात, त्याच्या थांबण्यात अर्थ आहे. मला वाटतं पुढचं आठवत नाही बिचाऱ्याला.

तिसरीचा अल्बम पूर्ण ऐकला. नवरा सोडून गेला, पानं गळाली. नवरा परत आला, पानं गळतच राहिली. त्यावर मी काय लिहू? झाडाचा काही दोष नाही एवढंच.

६ ऑक्टोबर

एक मात्र खरा. म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याचा. कव्हरवर नुसती अक्षरं. बोटं आखडलेली असावीत, चाव्यांची खटखट ऐकू येते, मधेच श्वास पुरत नाही आणि तो सूर सोडून देतो, लपवत नाही. हा लावला की मी हातातलं काम ठेवते. या माणसाला दुःख विकायचं नव्हतं, संध्याकाळपर्यंत वाजवायचं होतं. त्याला यादीत घालताना जिवावर येतंय. झोपडीवाल्याच्या शेजारी बसवायचं त्याला!

ऐकता ऐकता प्लेअर घरघरला आणि थांबला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे टाकून आले. "बाई, याचा पट्टा गेलाय." मला वाटलं मीच गेलेय.

९ ऑक्टोबर

रेडिओवर आईचं गाणं लागलं, आणि अर्थातच पाच मिनिटांत मामीचा फोन. दर वर्षी. पहिलं पान गळायचा अवकाश. "ऐकलंस का गं? ह्यांनी काय आवाज पकडलाय वन्संचा!" मामा रेकॉर्ड कंपनीत होता. तेव्हा नवीनच लागला होता, आणि आईच्या टेपवरून रेकॉर्ड उतरवण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. म्हणजे गायली आई, आणि पकडला मामाने. चेंडू होता जणू! मामा जाऊन इतकी वर्षं झाली, मामीचं कौतुक काही कमी होत नाही. आईला फोन दिला तर आईचं नेहमीचं — "हो गं. हो. चांगलं झालंय. तू जेवलीस का?"

रेडिओ आईने बंद केला. नेहमीच करते. घरात ती रेकॉर्ड लागलेली मी कधी ऐकली नाही. ऐकली ती मैत्रिणींकडे, दुकानांत, एकदा तर लिफ्टमध्ये!

या वहीत लिहायला हरकत नाही — मला तो अल्बम आवडत नाही. जड. ओढलेला. स्वतःच्या दुःखाला कुरवाळत बसलेला. आणि आई तशी नाहीच! आई दुधावरची साय काढताना शिट्टी वाजवते. जिना चढते ती दोन दोन पायऱ्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावरसुद्धा. लहानपणी मला न्हाऊ घालताना गुणगुणायची तो आवाज हलका होता, पातळ, डोक्यावरून पाणी ओतल्यासारखा. रेकॉर्डवरची बाई कोण आहे देव जाणे. मला तिची कधी माया वाटली नाही.

आणि तिला पहिला नंबर द्यायचाय. उबदारपणे.

१२ ऑक्टोबर

प्लेअर आला. दुरुस्तीवाल्याचे हात धन्य! पट्टा नवा घातला आणि वेगाचा स्क्रू कुठेतरी पिळून ठेवला. सगळं जरा जरा जास्त वेगाने फिरतंय. फार नाही, पण पुरेसं. झोपडीवाला बस चुकल्यासारखा गातोय. चेलोवाल्याला एकदम पुढचं आठवायला लागलंय. आणि ती नवरा सोडून गेलेली — आता वाटतं तिनेच त्याला पळवून लावलंय!

एकटीच पोट धरधरून हसले. यादी अशीच छापावी. पानगळीत ऐकायचे दहा अल्बम, घाईत असलेल्यांसाठी.

क्लॅरिनेटवाल्याला मात्र लावलं नाही. त्याचे हाल बघवले नसते.

१३ ऑक्टोबर

आई दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. म्हटलं, उरलीय ती एक तेवढी पळवून बघू. मफलरने आईचा अल्बम माझ्या पिशवीत कोंबून ठेवलेलाच होता. हसायची तयारी करूनच सुई ठेवली.

हसू आलं नाही.

पळत नव्हती. ती एकटीच पळत नव्हती! पियानो सरळ, नेटका. आणि आवाज — हलका, पातळ, डोक्यावरून पाणी ओतल्यासारखा. माझ्या कानामागचा साबण काढणारा आवाज. तोच. मी जमिनीवर बसले. वाटलं आता म्हणेल, डोळे मीट.

बाकी सगळे बिघडले त्या वेगात ही एकटी नीट झाली. म्हणजे बिघडलेली हीच होती. पहिल्यापासून.

दार कधी उघडलं कळलं नाही. आई. गालाला रुमाल, अर्धं तोंड सुन्न. उभी राहून पूर्ण कडवं ऐकलं तिने. मग म्हणाली, "अशी होती बघ." सुन्न ओठांमुळे शब्द नीट उमटत नव्हते. आणि मग, "बंद कर आता. बटाटे कोण सोलणार?"

१४ ऑक्टोबर

बटाटे सोलताना विचारलंच.

"टेप वाजवायचं यंत्र हळू चालत होतं त्या दिवशी," आई म्हणाली. "तुझा मामा नवीन. त्याने तपासलं नाही. सगळ्या रेकॉर्डी निघाल्या, दुकानांत गेल्या, मग मला कळलं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलून? त्याची नोकरी गेली असती. लग्न ठरलं होतं त्याचं. आणि तोवर लोकांना आवडायला लागलं होतं गं! पेपरात आलं — काळजाला हात घालणारा घनगंभीर स्वर. मी आणि घनगंभीर!"

"पियानोवाल्याला तरी कळलं असेल की!"

"त्याला? आपण इतकं भारदस्त वाजवतो हे त्याला प्रथमच कळलं. जाम खूश झाला."

आम्ही दोघी हसलो. मग ती बटाट्याचा डोळा काढत राहिली, काढून झाला तरी.

"स्टेजवर लोकांना ती बाई हवी असायची. मी खूप प्रयत्न केला. खालून गायले, सावकाश गायले. नाही जमली. स्वतःचीच नक्कल, आणि तीही जमेना!"

मामाला माहीत होतं का, विचारलं. "नसावं. नाहीतर माझ्यासमोर उभा राहू शकला असता का तो?" मग सुरी माझ्याकडे रोखून — "आणि तू हे कुठे लिहायचं नाही. तुझी मामी त्या एका रेकॉर्डवर जगतेय. ती आहे तोवर नाही."

१५ ऑक्टोबर

यादी नऊवर अडकली.

१७ ऑक्टोबर

मफलरला आडून विचारलं. समजा, एखादा जुना अल्बम चुकीच्या वेगाने निघाला असेल, तर नव्याने काढताना दुरुस्त करावा की नाही?

"कुठला?"

"समजा, आईचा."

"छे छे! मग त्यात पानगळ कुठे राहिली? उद्या तुम्ही म्हणाल ती हसतमुख होती."

होतीच. आहे. काल साय काढताना शिट्टी वाजवत होती.

"लोकांना तोच आवाज हवाय," मफलर गळा गुंडाळत म्हणाले. फिकट सुटातला गृहस्थ मेलेला नाही. त्याने फक्त कपडे बदललेत.

आता महिनाअखेर ती रेकॉर्ड पुन्हा छापून होईल, तशीच. आई जिवंत असताना तिच्या नावावर ही परकी बाई आणखी एकदा विकली जाणार. आणि खाली माझं उबदार टिपण. मी गप्प बसायचं, कारण मामी! दर वर्षी फोन करून आईला घायाळ करणाऱ्या, ह्यांनी-पकडला-आवाज करणाऱ्या मामीसाठी! फार राग आला. मामीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

१९ ऑक्टोबर

आई खाली फिरायला गेली की मी ती रेकॉर्ड लावते. आजही लावली होती. दुरुस्तीवाल्याकडे प्लेअर परत नेलेला नाही, नेणारही नाही. तेवढ्यात फोन. मामी. घेतला तो तिला काहीतरी लागेलसं बोलायचंच ठरवून.

मागे रेकॉर्ड चालूच. मग मामी अगदी हळू म्हणाली, "तुझ्याकडे... बरोबर चाललीय ती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वन्सं घरात आहेत का गं? आधी बंद कर. त्यांना कळायला नको."

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं ह्यांनी. रडले होते. पण सांगायचं कसं? वन्संना वाटतं, त्यांचाच आवाज तेव्हा बसला होता. म्हणूनच गाणं सोडलं ना त्यांनी? मग मी फोन करते दर वर्षी. दुसरं काय करणार? कुणीतरी म्हणायला नको का त्यांना, छान झालंय म्हणून?"

मला मामीला तोडून बोलायचं होतं. इतके दिवस साठवलेली एकूण एक वाक्यं होती. त्याऐवजी म्हटलं, "नाही सांगणार आईला."

२० ऑक्टोबर

यादी मफलरकडे पाठवली. नऊच आहेत. पहिला नंबर क्लॅरिनेटवाल्याचा. ओरडू दे.

आईला वचन दिलंय, मामीलाही. दोघींपैकी कुणाला काही सांगणार नाही. उद्या सकाळी चहा झाला की फक्त फोन आईपुढे ठेवणार आहे. "आई, या वर्षी मामीला तू लाव. जेवलीस का विचारू नकोस. काहीच बोलू नकोस. पहिलं कडवं म्हण — मला न्हाऊ घालताना म्हणायचीस तसं."

नाही म्हणेल.

तरी ठेवणार.