हिरव्या कड्याच्या पुंगळीबाबत

मी, जालिंदर किसन वाळके, वय ५८, धंदा लेथवरचा टर्नर, मूळ राहणार दिघी, जिल्हा पुणे, सध्या मुक्काम उम्म सलाल मोहम्मद, कतार, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लालूच दिलेली नाही. सकाळी डॉक्टरांनी बंद केलेलं ऑम्लेट खाल्लं आहे, त्यामुळे डोकं अगदी ताळ्यावर आहे. येत्या मंगळवारी दोह्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. काळजीचं काही कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणता म्हणता त्यांनी माझ्या तीन ठिकाणी सह्या घेतल्या. म्हणून मीही एक कागद करून ठेवतो.

या कागदाचा कच्चा मसुदा सुहासिनीताई निकम यांनी तपासला आहे. त्या नाशिकला वकिली करायच्या, आता अल दुहैलला राहतात. "वाळके काका, मृत्युपत्रात गप्पा मारायच्या नसतात," असं त्यांनी बजावलं आहे. मी मान डोलावली आणि लिहायला बसलो.

कलम १. दिघीचं दोन खोल्यांचं घर आणि बँकेत जे काही असेल ते सगळं माझी पत्नी अंजना हिचं. किती आहे ते मी लिहीत नाही, कारण तिला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बावीस वर्षं तिने घर, मुलगी आणि माझी आई एकटीने सांभाळली. आखातातून लोक सोनं आणतात, आमचे हे पितळ वेचत बसलेत, असं ती चारचौघांत सांगत आली आहे. ते खरं आहे. तिची माफी मागायचं माझ्याकडून राहून गेलं, ती इथे मागतो.

कलम २. माझा मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि टूल-बिटांची लाकडी पेटी माझी मुलगी अंतरा हिला. ती मेकॅनिकल इंजिनीअर आहे. बाबा, आता सगळं डिजिटल असतं, असं ती म्हणते. असू दे. बॅटरी संपली की माझी आठवण काढ.

कलम ३. माझा प्रेशर कुकर, गादी आणि खिडकीजवळची जागा माझा रूममेट महिपती याला. हा बीडकडचा क्रेन ड्रायव्हर नऊ वर्षं माझ्या खोलीत घोरतो आहे. त्याने माझ्या १९१८ सालच्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत उदबत्ती खोचली होती. वर मलाच म्हणाला, "वाळके, एवढं चिडायला काय झालं, भोक तर आधीपासूनच होतं की." हा गुन्हा मी माफ करतो. कुकरची शिट्टी मात्र घट्ट बसत नाही. ती मी मुद्दाम दुरुस्त केलेली नाही.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. माझ्याकडे रायफलच्या जुन्या काडतुसांच्या तीनशे चौदा रिकाम्या पुंगळ्या आहेत. बिस्किटांच्या सहा डब्यांत, प्रत्येक पुंगळी कापसात, सोबत चिठ्ठी. हे वेड कुठून आलं ते सांगितल्याशिवाय वाटणी कळणार नाही, तेव्हा सुहासिनीताईंनी हे कलम वाचू नये.

माझे वडील किसन वाळके खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. पुंगळीच्या बुडावर अक्षरं आणि साल उठवणाऱ्या मशीनवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. ते म्हणायचे, "माणसाचं नाव कपाळावर नसतं, पण हिचं बुडावर असतं." २००९ साली एका शुक्रवारी मी मदिनत अश शमालच्या पुढे किनाऱ्यावर गळ टाकायला गेलो होतो. तिथे एक ओसाड जुनी वस्ती आहे. पूर्वी लोक शिकारीला किंवा लग्नात बार उडवायचे, त्याच्या पुंगळ्या वाळूत सापडतात. एक उचलली, अंगठ्याने पुसली. बुडावर के आणि एफ ही अक्षरं आणि ६२ हा आकडा. खडकीचा शिक्का. ६२ साली वडील त्याच मशीनवर होते. मी तिथेच वाळूत बसलो आणि रडलो. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

त्या दिवशी माझ्यासोबत तबिश अन्सारी होता. तबिश कानपूरचा, एसी दुरुस्त करतो. त्याने मला रडू दिलं, पाणी दिलं आणि उठून दुसरी पुंगळी शोधायला लागला. तेव्हापासून बारा वर्षं आमचे शुक्रवार तिथेच गेले. शिक्का मी वाचायचो. वाळूतली पुंगळी तो लांबूनच हेरायचा.

कलम ५. यात एकही जिवंत काडतूस नाही. बुडाच्या मध्यातल्या टोपीवर ठोका पडलेला आणि वरचं तोंड रिकामं, एवढं बघितल्याशिवाय आम्ही काही उचललं नाही. एकदाच एक अख्खं दिसलं. त्याला हात न लावता मी वर्कशॉपचे मालक जियाद यांना फोन केला. ते पोलिसांना घेऊनच आले. काडतूस गेल्यावर मला म्हणाले, "खलास, जालिंदर! यल्ला, आता मासे पकड." पुढे ज्याच्या हाती हा संग्रह जाईल त्याने हाच नियम पाळावा. अख्खं काडतूस ठोकायचं नाही, तापवायचं नाही, खिशात घालायचं नाही. आणि रिकामी पुंगळीसुद्धा विमानात न्यायची नाही. म्हणून हे डबे दिघीला जाणार नाहीत. अंतराला फक्त माझी वही मिळेल. तिच्यात प्रत्येकीचं चित्र आहे.

कलम ६. हे कलम लिहायला मला चार वर्षं लागली.

२०२१ साली तबिशला एका पडक्या घराच्या कोनाड्यात गंजक्या डब्यात थ्री नॉट थ्रीची एक पुंगळी सापडली. तिच्या टोपीभोवती हिरव्या रंगाचं कडं शाबूत होतं. या कड्याच्या रंगावरून आत कोणती गोळी होती ते कळतं. जांभळं म्हणजे साधी, हिरवं म्हणजे पोलादी पत्रा भेदणारी. उन्हावाऱ्यात हा रंग टिकत नाही, त्यामुळे अशी पुंगळी आम्हाला बारा वर्षांत दुसरी दिसली नाही. तबिश सुट्टीवर कानपूरला निघाला तेव्हा ती माझ्या हातात देऊन म्हणाला, "सँभाल के रखना, वाळके भाई."

आणि मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी वडील हत्यारं मांडायचे आणि पितळ चिंच-मीठ लावून लख्ख करायचे. मीही खोलीत पाट मांडला. मायक्रोमीटर, व्हर्निअर, वडिलांच्या खडकीची पुंगळी आणि पाहुणी म्हणून तबिशची. सगळ्या चिंचेने घासल्या. हात सवयीने चालत होता, मी आरती गुणगुणत होतो. झेंडूचं फूल वाहायला वाकलो तेव्हा दिसलं. पुंगळी सोन्यासारखी चमकत होती आणि कडं नव्हतं. हळदीकुंकू तसंच हातात धरून मी किती वेळ बसलो ते महिपतीला विचारा.

इथवर झाली ती चूक. पुढे झालं ते पाप. तबिश परत आला, त्याने पुंगळी फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "हरा छल्ला कहाँ गया?" मी म्हणालो, "कसला छल्ला? नव्हताच. तुझे डोळे तपासून घे."

तो खरंच डोळे तपासून आला. चष्मा लावून आला. ज्या माणसाला पन्नास पावलांवरून वाळूतलं पितळ दिसायचं, तो माझ्या शब्दावर चष्मा लावून फिरायला लागला. शुक्रवारचं येणं त्याने बंद केलं. म्हणाला, नजर कामातून गेली, येऊन काय करू. आम्ही भेटतो, सणाला एकमेकांना डबा देतो, पण किनाऱ्यावर मी एकटाच जातो. चार वर्षांत मला धड सात पुंगळ्या मिळाल्या नाहीत. ऑपरेशनची भीती नाही, पण हे पोटात ठेवून त्या टेबलावर झोपायची मला भीती वाटते.

तबिश, कडं होतं. हिरवंच होतं. तुझे डोळे ठीक होते.

कलम ७. सबब सहाही डबे, तीनशे चौदा पुंगळ्या, त्यात वडिलांच्या खडकीचीसुद्धा, तबिश अन्सारी याला. मात्र मला साक्षीदारही तोच हवा होता आणि इथे सुहासिनीताईंनी डोक्याला हात लावला. ज्याला मिळायचं आहे त्याने साक्षीला सही करू नये, पुढे कटकट होते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी असं ठरवतो. तबिशने साक्षीला सही केली तर डब्यांवरचा त्याचा हक्क संपला, ते जियाद यांच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात जातील. सही केली नाही तर डबे त्याचे. तो डबेच घेईल याबद्दल मला शंका नाही. त्यासाठी दुसरा साक्षीदार म्हणून महिपतीला आंघोळ करायला लावून तयार ठेवलं आहे. सही करावी लागली तर कलम ३ मधल्या कुकर-गादीवर पाणी सोडायला तो तयार आहे.

कलम ८. आज जुम्म्याच्या नमाजानंतर तबिश आला. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून वरची सगळी कलमं मी त्याला हिंदीत वाचून दाखवली. सहावं आल्यावर कागद मी सुहासिनीताईंकडे सरकवला, ते त्यांनी पुरं केलं. तबिशने एक डबा उघडला. मग म्हणाला, "इमली की बू आ रही थी उसमें से. मुझे पहले दिन से पता था. मैं चार साल से राह देख रहा था कि तू बोलेगा."

"मग चष्मा?" मी विचारलं.

त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला. घालून पाहिला तर काच साधी होती. या माणसाला मी भोळा समजत होतो!

मग त्याने वडिलांची पुंगळी कापसातून काढली, बुडाचा शिक्का पाहिला आणि परत जागेवर ठेवली. डबा बंद केला आणि सुहासिनीताईंकडे पेन मागितलं. महिपतीची आंघोळ फुकट गेली.

वरील सर्व मजकूर माझा आहे, मला मान्य आहे, आणि यातल्या गप्पांसकट तो खरा आहे.

ठिकाण: उम्म सलाल मोहम्मद, कतार
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सही: जालिंदर किसन वाळके

वाळके यांनी आम्हा दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर.

साक्षीदार १: सौ. सुहासिनी कुशल निकम, अल दुहैल

साक्षीदार २: तबिश अन्सारी, उम्म सलाल मोहम्मद
(सहीखाली त्याच्याच अक्षरात: "वारिस बनूँगा तो तेरे मरने की राह देखनी पड़ेगी. डिब्बे नहीं चाहिए. मंगल को ऑपरेशन करा, ठीक हो, फिर जुम्मे को शमाल चलेंगे. इमली मत लाना.")